माझ्या ओव्हनातलं इंजिन

…आणि वर मलाच विचारते, "कलावतीताई, तुमच्या नानकटाईला यंदा रंगाचा वास कसा काय हो येतोय?" सगळ्यांसमोर. मंडळाच्या गणपतीची आरती नुकती झालेली, माणसं प्रसादाला रांगेत उभी, आणि ही कल्पना माझी नानकटाई दोन बोटांत धरून, मेलेलं झुरळ उचलल्यासारखी, नाकाशी नेते आणि विचारते. आता तुम्हाला सांगते, वास येत होता. मी खोटं बोलणार नाही, येत होता. पण तो वास कोणाचा? हिच्याच नवऱ्याच्या गाडीच्या इंजिनाचा. ते इंजिन भाजलं कुठे? माझ्या ओव्हनात. माझ्याच ओव्हनात का, तर हिच्या घरात हिला घाण नको. म्हणजे घाण माझ्या घरी, वास माझ्या नानकटाईला आणि नाक हिचं वर. मी हसले, ताट पुढे केलं, म्हटलं दुसरी घे. पण लक्षात ठेवलं.

तुम्ही म्हणाल, इंजिन काय कोणी ओव्हनात भाजतं? मी पण हेच म्हणाले होते. बसा, सांगते.

आमचे हे, एकनाथ, इथे मस्कतात गाला भागातल्या गॅरेजात फिटर आहेत. मूळचे संगमेश्वरकडचे, एस.टी.च्या डेपोत शिकले, मग मस्कतला आले ते आलेच. सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या ट्रकखाली उताणं पडून गेलं. घरात बोलणं म्हणाल तर दिवसाला चार शब्द, त्यातले तीन "चहा आहे काय" आणि चौथा "अगो". अशा माणसाला एक दिवस घरी येऊन दम न घेता बोलताना बघितलं तेव्हा मला वाटलं, ऊन लागलं. ऊन नाही, प्रशांत लागले होते.

प्रशांत म्हणजे ह्या कल्पनाचे मिस्टर. पुण्याचे, मोठ्या कंपनीत इंजिनिअर, माणूस वाईट नाही, पण बोलायला लागला की घड्याळाने सुद्धा कंटाळावं. त्यांनी सहम गावात कोणाच्या तरी खजुराच्या बागेतून एक जुनी अमेरिकन गाडी उचलून आणली. माझ्यापेक्षा म्हातारी गाडी. आत बकऱ्या बसायच्या म्हणे, आणि वास घेतलात तर बकऱ्या अजून आहेत असंच वाटलं असतं. ती आणून उभी केली माझ्या अंगणात, आणि मला सांगतात, "वहिनी, ही मसल कार. मसल म्हणजे स्नायू." म्हटलं स्नायू कुठायत भावजी, मला तर नुसती हाडं दिसतायत.

"इंजिन बघा वहिनी, आठ सिलिंडर. सगळं उघडून नवं करायचं. एकनाथभाऊंशिवाय कोणाला जमणार नाही. रस्त्यावर पण चालली पाहिजे आणि स्ट्रिपवर पण पळाली पाहिजे."

स्ट्रिप म्हणजे काय, विचारलं. तर म्हणे, सीबच्या पलीकडे सरळ डांबरी पट्टी आहे, तिथे दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करतात, दिवा हिरवा झाला की सुटतात, पाव मैल जातात.

"आणि पाव मैलावर काय आहे?"

"काही नाही."

"मग जातात कुठे?"

"कुठे नाही वहिनी. परत येतात."

तुम्हीच सांगा. आमच्याकडे बैल सुद्धा सुटला तर कुठेतरी जातो, कोणाच्या तरी वरीत तोंड घालतो. ही पाव मैल जाणार आणि काही न खाता परत येणार. बरं, नुसती पळणारी पाहिजे असती तरी समजलं असतं. हिला रोज भाजी आणायला पण न्यायचीय, सिग्नलला तापता कामा नये, एसीत बसता आलं पाहिजे आणि शुक्रवारी पट्टीवर वाघ झाली पाहिजे. म्हणजे सुनेने ऑफिसात साहेबीण पण व्हायचं आणि घरी येऊन तांदळाच्या भाकऱ्या पण थापायच्या. असं इंजिन असतं का? हे म्हणाले, "असतं. करावं लागतं." आणि डोळे असे, की लग्नात माझ्याकडे पण असे बघितले नव्हते.

आता करायचं कुठे? गॅरेज अर्बाबचं, म्हणजे मालकाचं, तिथे बाहेरचं काम चालत नाही. प्रशांतचा अल खुवैरला व्हिला आहे, गाडी ठेवायला छप्पर आहे, सगळं आहे. पण कल्पना म्हणाली, "अय्या नको गं बाई, आमची फरशी पांढरी आहे." आमची फरशी काय, काळी आहे म्हणून देवाने ऑईल सांडायलाच दिली. आम्ही सफियाच्या घरात खालच्या मजल्यावर भाड्याने. सफिया म्हणजे आमची मालकीण, ओमानी बाई, वर राहते, हिंदी माझ्यापेक्षा बरं बोलते. तिने पण हरकत घेतली नाही, गाडी बघून म्हणाली, "माझ्या बापाकडे अशीच होती." झालं. सगळ्या जगाने हो म्हटलं, मला कोणी विचारलंच नाही. मी लक्षात ठेवलं.

मग सुरू झालं ते. आज एक वस्तू आत, उद्या एक वस्तू आत. त्या इंजिनात एक मोठा दांडा असतो, क्रँक म्हणतात, तो आडवा ठेवला तर वाकतो म्हणे, उभाच ठेवायचा. उभा कुठे ठेवला? आमच्या खोलीत, कपाटाशेजारी, माझ्या जुन्या इरकलीत गुंडाळून. पाव्हणा आल्यासारखा कोपऱ्यात उभा. मी साडी बदलायला गेले तर आधी त्याच्याकडे पाठ करायची, अशी सवय लागली मला. राईच्या वाटीत झडपांच्या बारीक कड्या. एकदा फोडणीत गेल्या, आमटी तडतडायच्या ऐवजी खणखणली. फ्रिज उघडावा तर वरच्या खणात, माझ्या सोललेल्या कोळंबीच्या बाजूला, पितळेच्या नळ्यांची पिशवी. हे काय म्हटलं. "गाईड आहेत. गार झाले की आकसतात, मग हेडात बरोबर बसतात." आणि हेड? हेड गरम पाहिजे, म्हणजे त्याची भोकं फुलतात. आणि गरम कुठे करायचं…

हां. आता कळलं ना?

माझा ओव्हन. तुम्हाला सांगते, तो ओव्हन काही साधा नाही. रुंद, चार शेगड्यांचा, खाली एवढी मोठी भट्टी. मी चौथी शिकलेली बाई. मला इंग्रजी येत नाही, कॉम्प्युटर येत नाही, पण नानकटाई येते. ह्या मस्कतात अर्ध्या मराठी घरांतल्या बारशाला, मुंजीला माझी नानकटाई गेलीय, आणि मंडळाचा दिवाळीचा फराळ दरवर्षी माझ्याकडे. तो ओव्हन मी त्या नानकटाईवर घेतलाय, ह्यांच्या पगारावर नाही. त्याला मी रोज पुसते. त्याची कुठली बाजू आधी तापते, कुठल्या कोपऱ्यात ट्रे फिरवायचा, हे मला झोपेत सुद्धा ठाऊक. मला लोक ओळखतात ते ह्या ओव्हनामुळे, नाहीतर मी कोण? फिटरची बायको.

त्यात आमच्या ह्यांनी इंजिनाचं डोकं ठेवलं. सांगून नाही, मी मत्रहच्या बाजारात बांगड्या घ्यायला गेले होते तेव्हा. परत येते तर घरात गरम लोखंडाचा वास, आणि हे हातात माझे नानकटाईचे हातमोजे घालून उभे. माझे. फुलाफुलांचे. मी म्हटलं, हे हेड इथे, मग तुमचं हेड कुठाय? तर म्हणतात, "ॲल्युमिनियम आहे अगो, स्वच्छ धुतलंय." जसं काही भांडंच ते.

तरी मी सोडलं असतं. पण पुढच्या खेपेला काय? झाकणं. इंजिनाच्या वर दोन लांबडी झाकणं असतात, ती ह्यांनी रंगवली, शेंदरी. मारुतीला फासतात तस्सा शेंदूर. आणि रंग पक्का व्हायला भाजावा लागतो. गणपतीच्या आदल्या दिवशी. मी देवळातल्या बायकांबरोबर दुर्वा निवडायला गेलेली, आणि इकडे माझ्या भट्टीत दोन शेंदरी झाकणं मंद आचेवर. भाजून, गार करून, ओव्हन पुसून ठेवला. मला पत्ता नाही. दुसऱ्या दिवशी मी त्याच भट्टीत प्रसादाची नानकटाई लावली.

पुढचं तुम्हाला सांगितलंच. झुरळ.

पण तिथे संपलं असतं तर ती कल्पना कसली? आठवड्याने मंडळाची मीटिंग, दिवाळीच्या फराळाचा विषय निघाला, आणि ही मान वाकडी करून म्हणते, "ह्या वर्षी मी करू का? कलावतीताईंना त्रास नको. आणि मी घरी करते ना, सगळं कसं हायजीनिक." हायजीनिक. हिच्या नवऱ्याचं इंजिन माझ्या भट्टीत, आणि हायजीनिक ही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. अध्यक्ष म्हणाले, बरोबर आहे, ताईंनी पण विश्रांती घ्यावी. फराळ गेला. घरी आले, ह्यांना सांगितलं, गेला फराळ. हे त्या वेळी पिस्टनच्या रिंगा घासत होते. एक रिंग नळीत घालायची, फट मोजायची, कानशीने जरा घासायची, परत घालायची, परत मोजायची. किती माया. बांगड्यांच्या दुकानात मला कधी पान खाण्याइतका वेळ दिला नाही ह्या माणसाने. वर न बघता म्हणाले, "असू दे."

असू दे. पण हे जे लक्षात ठेवलं ना, हे आधीच्या सगळ्याच्या वर ठेवलं.

मग इंजिन जोडून झालं, गाडीत बसवलं, आणि पहिल्यांदा चालू केलं. अहो, पाच घरांच्या खिडक्या उघडल्या. पहिल्यांदा चालू केलं की लगेच बंद करायचं नाही म्हणे, मंद पण ठेवायचं नाही, तसंच ओरडत ठेवायचं, मगच आतलं एकमेकांना सरावतं. नव्या नवरा-नवरीसारखं. मी माझ्या लग्नात गप्प राहून सरावले, पण असो. सफिया वरून खाली आली, डोक्यावरची शाल धरून, म्हणाली, "शू हादा, कला? काय हे? भूकंप?" मग शेवटी मंद केलं, तर ते धड एका लयीत चालेना. डुग… डुग डुग… ड-डुग… मध्येच थांबतंय काय, मध्येच उचक्या देतंय काय. माझ्या मिक्सरने असा आवाज काढला असता तर मी दुकानात परत नेऊन आपटला असता. आणि हे दोघं पुरुष, एकनाथ आणि प्रशांत, डोळे मिटून उभे. भजनाला उभे राहतात तसे. प्रशांत म्हणतात, "ऐकलंत वहिनी? हीच तर खरी मजा." ह्यांनी मान हलवली. ह्यांच्या डोळ्यांत पाणी. खोटं नाही सांगत.

आता पुढचं नीट ऐका, कारण इथे माझी वेळ आली.

इंजिन एकदा तापून नीट गार झालं की वरची ती शेंदरी झाकणं काढून झडपांची फट परत मोजून बांधावी लागते. ते केल्याशिवाय पट्टीवर न्यायचं नाही, नेलं तर आत झडपा तुटून भुगा. हे मी ऐकून ऐकून शिकले, घरात दुसरा विषयच नव्हता. आणि पट्टीवर पळायचा दिवस ठरला शुक्रवार, असरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजानंतर. प्रशांतनी ऑफिसच्या साहेबाला बोलावलं, अर्ध्या मंडळाला बोलावलं, कल्पना सगळ्यांना खायला स्वतःची नानकटाई घेऊन जाणार. माझ्या डोक्यावर नाचायला अजून काय पाहिजे? झडपा बांधायचं काम ह्यांनी ठेवलं गुरुवारी संध्याकाळी.

मी कालनिर्णय बघितलं नाही, मला बोटांवर येतं. गुरुवारी होती खंडेनवमी. शुक्रवारी दसरा.

तुम्ही कोकणातले असाल तर आता हसायला लागला असाल. नसाल तर सांगते. नवमीला हत्यारांची पूजा. कोयता, पहार, विळी, जे काय पोट भरतं त्याची. आणि पूजा मांडली की हत्यार उचलायचं नाही. दसऱ्याला शिवेबाहेर जाऊन, सोनं लुटून येईपर्यंत हात लावायचा नाही. आमच्या सासूबाईंचा हा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ह्यांच्या चुलत्याने एकदा पूजेतला कोयता उचलला आणि अंगठ्याचं टोक गेलं, तेव्हापासून ह्या घरातला पुरुष नवमीला नखं सुद्धा कापत नाही. सोनं आपण लुटतो संध्याकाळी. आणि गाडी पळायची दुपारी.

गुरुवारी सकाळी हे गॅरेजात गेले आणि मी आंघोळ केली. ह्यांची हत्यारांची पेटी, लाल, चाकांची, ओढत आणली. पाने मांडले, लहानापासून मोठ्यापर्यंत. स्क्रू-ड्रायव्हर. फट मोजायच्या त्या पातळ पट्ट्या. सगळ्यांना हळद, कुंकू, अक्षता. मग मला वाटलं, हे शहाणे अर्बाबचा पाना आणतील. म्हणून गाडीचं बॉनेट उघडलं, आणि त्या शेंदरी झाकणांवर हळद, कुंकू, झेंडूचा हार, समोर विडा, सुपारी, नारळ, उदबत्ती. म्हटलं घे. शेंदूर लावलेलाच होता, आता देव झालास. आता तुला कोण हात लावतो बघते.

संध्याकाळी हे आले. अंगणात उभे राहिले. बघितलं. पेटीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मी दारात तांदूळ निवडत होते. म्हटलं, "आज नवमी हो. तुमच्या आईची आठवण आली."

ह्यांनी चपला काढल्या, इंजिनाला नमस्कार केला आणि आत गेले. मला सांगू का, एवढी शांत वाटली ती संध्याकाळ. असं वाटलं, गणपतीपासून अडकलेला घास आज गिळला. वर सफियाकडे गेले, जरा बसले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिच्या लेकीचा, मुनिबाचा साखरपुडा, आणि पाव्हण्यांपुढे काहव्याबरोबर, त्यांच्या त्या कॉफीबरोबर ठेवायला नानकटाई माझी. "तुझीच पाहिजे कला, हेल घालून," म्हणाली, "बाकी सगळं हॉटेलचं." हेल म्हणजे आपली वेलची. बघा, एकीने माझी नानकटाई झुरळासारखी धरली, आणि दुसरी ओमानी बाई लेकीच्या साखरपुड्याला मागतेय. पीठ मळून फ्रिजात ठेवलेलं होतं, सकाळी लावायचं. खाली आले, गुणगुणतच आले.

स्वयंपाकघरात गेले आणि बघते तर काय.

ओव्हनाच्या दाराला हळदीकुंकवाची पाच बोटं. वर अक्षता. दांड्याला झेंडूचा हार, माझाच, इंजिनावरचा अर्धा तोडून आणलेला. आणि पुढे विडा.

हे तिथेच पाटावर बसलेले. शांत. म्हणतात, "पूजा सगळ्याच हत्यारांची असते, अगो. तुझं हत्यार कसं विसरलीस?"

लग्नाला एवढी वर्षं झाली, एवढं लांब वाक्य मी ह्या माणसाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. आणि ऐकलं ते हे. म्हटलं, काढा ते. म्हणतात, "मी कसं काढू? चुलत्याचा अंगठा आठवतो." अहो, मी लेकराच्या तापाला घाबरले नाही इतकी त्या हळदीला घाबरले. कारण पुसता येतं हो, एका फडक्यात पुसता येतं. पण मग ह्यांनीही पुसलं असतं. मी पुसायचं म्हणजे मी मानत नाही. मी मानत नाही तर ह्यांनी का मानावं? माझाच नियम, माझ्याच सासूचा, माझ्याच गळ्यात. पीठ फ्रिजात, सफियाचे पाव्हणे दारात, आणि ओव्हन देव होऊन बसलाय. आम्ही दोघं जेवलो, समोरासमोर, एकमेकांना मीठ सुद्धा न विचारता.

जेवणं उरकून मी परत दारात तांदूळ निवडायला बसले, तेवढ्यात प्रशांत आले, आणि बरोबर कल्पना. पहिल्यांदा पाय ठेवला तिने माझ्या अंगणात, साडी दोन बोटं वर धरून. प्रशांत बॉनेटसमोर उभे, हार बघतायत. "वहिनी, मी श्रद्धेचा आदर करतो, पण तांत्रिकदृष्ट्या बघायला गेलं तर फक्त दोन झाकणं काढायची…"

हे म्हणाले, "नाय."

"एकनाथभाऊ, मी काढू का मग? माझ्या हाताने?"

"नाय."

"पण उद्या माझे साहेब येतायत हो."

"येऊ देत. सोनं देऊ त्यांना."

मला हसू आलं, पण मी तांदळात तोंड घातलं. मग कल्पना पुढे झाली. "ताई, काहीतरी करा ना. प्रशांत महिनाभर झोपला नाहीये. सगळ्या ग्रुपवर सांगून झालंय. आमची किती शोभा होईल."

शोभा. हा शब्द तिने माझ्याकडे बोलायला नको होता. मी सूप खाली ठेवलं. म्हटलं, "कल्पना, बस. पाटावर बस, फरशी पांढरी नाहीये आमची. सोनं काय, सकाळी पण लुटता येतं. घरच्या सवाष्णीने म्हटलं तर उजाडता उजाडता शिव ओलांडायची आणि मोकळं व्हायचं. सासूबाई मळणी असली की तसंच करायच्या. पण मी म्हटलं तर."

"मग म्हणा ना ताई."

"म्हणते. आधी तू म्हण. मंडळाच्या ग्रुपवर. लिहून नको, मला वाचायला वेळ लागतो. तोंडाने म्हण."

तिचं तोंड बघायला पाहिजे होतं. प्रशांतकडे बघितलं, प्रशांत झेंडूची फुलं मोजायला लागले. मग फोन काढला बाईने, तोंडाजवळ धरला, आणि ते गोड बारीक आवाजात, "हॅलो एव्हरीवन… गणपतीत कलावतीताईंच्या नानकटाईला जो थोडासा वास…"

"थोडासा नाही," मी म्हटलं.

"…जो वास येत होता, तो ॲक्च्युअली आमच्या कारच्या पार्ट्सचा होता. ते आमच्याकडे… आमच्या घरी ठेवायला जागा नव्हती म्हणून…"

"जागा होती."

"…जागा होती, पण मी नको म्हटलं, म्हणून ताईंच्या ओव्हनात केले होते. सो ताईंची काहीच चूक नव्हती. थँक्यू."

मी म्हटलं, "आणि फराळ."

डोळे मिटले तिने. परत बटण दाबलं. "आणि फराळ ताईच करतील."

"आणि ह्यापुढे गाडीची झाकणं तुझ्या ओव्हनात भाजायची." हे ग्रुपवर नाही, हे तोंडी. हो म्हणाली. तेव्हा सगळ्यालाच हो म्हणत होती. मी माफ केलं असं समजू नका. मी मोकळं केलं. मोकळं करणं वेगळं.

शुक्रवारी उजाडता आम्ही चौघं गालाच्या मोठ्या रस्त्याच्या पलीकडे गेलो. आता तिथे आपट्याचं झाड कुठलं? सफियाच्या अंगणात बोरीचं झाड आहे, सिद्र म्हणतात ते, त्याचा पाला घेतला. ट्रकवाले हॉर्न वाजवतायत, आणि आम्ही फुटपाथवर उभं राहून एकमेकांना बोरीचा पाला देतोय. लहानाने मोठ्याच्या पाया पडायचं, ही रीत. कल्पना वाकली. नीट वाकली, त्या रस्त्याच्या धुळीत, पदर लोळला. "ताई, सोनं घ्या, सोन्यासारख्या राहा." म्हटलं, मी राहतेच, तू शिकायला लाग.

घरी येऊन एकीकडे हे हार काढतायत, दुसरीकडे मी. ह्यांनी झाकणं उघडली, मी ओव्हन पेटवला. दुपारपर्यंत आम्ही दोघं एकमेकांकडे पाठ करून आपापल्या हत्याराशी. असं छान काम किती दिवसांनी झालं. नानकटाई अशी फुलली, प्रत्येकीला वर बरोबर एक चीर. सफियाने एक खाल्ली, म्हणाली, "वल्ला, जेन," म्हणजे देवाशपथ छान, आणि ट्रे माझ्या हातून घेतला तो दोन्ही हातांनी घेतला. बस, मला दुसरा दसरा नको.

आणि मग पट्टी. म्हटलं एवढं केलं तर बघून तरी येऊ. उन्हात उभी राहिले, हाताला अजून तूप. गाडी आली, डुग… ड-डुग… शेजारी एक बारकी जपानी गाडी, आत कोणी स्थानिक पोरगा, एका हाताने फोन धरलेला. दिवा हिरवा झाला. तुम्हाला सांगते, मला शिंक आली. मी शिंकले, डोळे उघडले, तर संपलं होतं. माझ्या राईची वाटी, माझा फ्रिज, माझा ओव्हन, माझा गणपती, माझी दिवाळी, सगळं त्या एका शिंकेसाठी. हे पण कळलं नाही की कोण जिंकलं. मागून कळलं, जपानी. प्रशांत तरी नाचत आले, "वहिनी, वेळ बघा, काय वेळ आलीय." हरून नाचणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला. मला आनंद झाला का, तर झाला. का लपवू? कल्पना डबा घेऊन सगळ्यांना नानकटाई वाटत होती, आणि माणसं एक घेत होती, दुसरी नको म्हणत होती.

पण आमचे हे गाडीपाशी गेले, गरम बॉनेटवर हात ठेवला, आणि नुसते उभे राहिले. म्हैस व्याल्यावर तिच्या पाठीवर ठेवतात ना, तसा हात.

असं सगळं झालं. फराळ आला परत, मी जिंकले, आता पीठं दळून आणलीयत, चकलीची भाजणी तयार आहे. आणि परवा हे घरी आले, हातात काय? ती शेंदरी झाकणं. पट्टीवर पळालं की उघडून बघावं लागतं म्हणे, आणि गरम होऊन रंग उडाला, म्हणून परत रंगवली, आणि ठरल्याप्रमाणे कल्पनाच्या ओव्हनात भाजली. मी बघितली, तर रंगाला हे एवढे फोड. एका टोकाला काळपट, दुसऱ्या टोकाला कच्चं, बोट लावलं तर चिकटतंय. तिच्या घरभर वास भरला, अजून पडदे धुतेय म्हणे. मला वाटलं, आता तरी काळजात गार झालं ना, कलावती? झालं हो, अगदी झालं.

तर हे समोर उभे. खाली बघतायत. पायाच्या अंगठ्याने फरशी उकरतायत. आणि हळूच म्हणतात, "तिचा ओव्हन एका बाजूला जाळतो. मस्कतात फिरलीस तरी तुझ्यासारखी भट्टी नाही. तुझ्यासारखी आच कोणाला ठेवता येत नाही, अगो."

आता सांगा. आयुष्यभरात ह्या माणसाने माझं पहिल्यांदा कौतुक केलं, आणि तेही दोन झाकणांसाठी. अशा माणसाचं काय लक्षात ठेवायचं आणि काय विसरायचं? म्हटलं, आणा इकडे. पण दिवाळी झाल्यावर.